असुरी आनंदाची बाजू

मुंबईचा क्रिकेटचा संघ हरला की मला आनंद होतो. साधा, निर्भेळ, पदरचा एक पैसा खर्च न होता मिळणारा आनंद. हे वाक्य मी बँकेत, सोसायटीच्या वार्षिक सभेत, सासुरवाडीला आणि एकदा तर केस कापणाऱ्याच्या खुर्चीत वस्तरा मानेवर असताना उच्चारलेलं आहे. आणि आजवर एकाही अस्सल पुणेकराने मला 'का हो?' असं विचारलेलं नाही. वरणभातावर तूप का घेता, असं कुणी कुणाला विचारतं का?

विचारणारे निघतात ते निराळेच. शाळेत ज्यांना सद्वर्तनाचं बक्षीस मिळालेलं असतं आणि पुढे आयुष्यात दुसरं कुठलंच मिळालेलं नसतं, असे लोक. "खेळ खेळासारखा पाहावा," असं ते म्हणतात. "चांगला खेळ कुणीही करो, टाळ्या वाजवाव्यात." आमच्या शाखेतले हेड कॅशियर याच पंथाचे. मूळचे दादरचे. बदली होऊन इकडे आले त्याला बावीस वर्षं झाली, पुण्यात फ्लॅट घेतला, पुण्याची सून केली, पण 'आमच्याकडे शिवाजी पार्कला' या तीन शब्दांशिवाय त्यांचं एकही वाक्य अजून सुरू होत नाही. माझ्या आनंदाला त्यांनी नाव ठेवलंय : असुरी आनंद.

या शब्दाचा मी पुष्कळ विचार केला. बँकेत विचाराला वेळ मिळतो. सर्व्हर बंद पडला की फार चांगला मिळतो. आणि विचारान्ती माझं असं मत झालं आहे की आरोप शंभर टक्के खरा आहे आणि त्यात लाजण्यासारखं काहीही नाही.

असुरांचा गुन्हा तरी काय होता हो? समुद्रमंथन आठवा. वासुकीच्या तोंडाकडची बाजू, म्हणजे विष, धूर आणि फुत्कार, असुरांच्या वाट्याला. शेपटीकडची हवेशीर बाजू देवांना. पुराणिकबुवा सांगतात की तोंडाकडची बाजू असुरांनी हट्टाने मागून घेतली. बरोबर आहे. दुबळ्या संघाने नाणेफेक जिंकून चुकीचा निर्णय घेतला, असं वर्तमानपत्रं दर वेळी छापतातच. पुढे दोघांनी मिळून घाम गाळला, अमृत निघालं, आणि वाटायची वेळ आली तेव्हा पंच कोण? तर मोहिनी! म्हणजे एका संघाचे साक्षात आश्रयदाते, वेष पालटून. पंगत दोन्ही बाजूंना बसलेली, वाढप मात्र एकाच बाजूला. त्यातून राहू बिचारा देवांच्या रांगेत जाऊन बसला, घोटभर मिळालं, तर चंद्र-सूर्य या तिसऱ्या पंचांनी लगेच इशारा केला आणि त्याचं मुंडकं उडालं. तो अजून अपील करतो आहे. आपण त्याला ग्रहण म्हणतो.

आणि याच महाराष्ट्रात दिवाळीच्या पाडव्याला आयाबहिणी ओवाळताना 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतात. बळी कोण होता? इंद्राला हरवणारा असुर! आम्ही वामनाचं राज्य येवो असं कधी म्हटलेलं नाही. तेव्हा असुरी आनंद ही आमची पिढीजात ठेव आहे. हेड कॅशियरांनी ती मोडायला सांगू नये.

आता हिशेब. मी कॉमर्सचा माणूस आहे. भावनेपेक्षा खतावणीवर माझा विश्वास जास्त. तर खतावणीत पहिली नोंद मार्च १९४९ ची. पुण्यात रणजी करंडकाचा उपांत्य सामना. मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. मुंबईने पहिल्या डावात ६५१ धावा केल्या. महाराष्ट्राने ४०७. इथे कुठल्याही सुसंस्कृत माणसाने पाहुण्यांच्या गावाला आलोय, पुष्कळ झालं, असं म्हटलं असतं. मुंबईने पुन्हा फलंदाजी घेतली आणि आठ बाद ७१४ वर डाव घोषित केला. म्हणजे महाराष्ट्राला जिंकायला ९५९ धावा हव्या होत्या. हा आकडा वाचताना तुम्हाला छपाईची चूक वाटेल, नाही. आणि महाराष्ट्राने काय करावं? हात टेकावेत? चौथ्या डावात ६०४ धावा केल्या! आणि ३५४ धावांनी हरले. सात दिवस सामना चालला, चार डावांत मिळून २३७६ धावा झाल्या, आणि तो प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधला जागतिक विक्रम ठरला. चौथ्या डावात सहाशे करून साडेतीनशेने हरणं म्हणजे काय असतं, ते ज्याने पगार झाल्यावर घराचा हप्ता, मुलांची फी आणि सोसायटीची वर्गणी एकदम भरली आहे त्यालाच कळेल.

या महाराष्ट्राची काही पत नव्हती असंही नाही. १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोन वर्षं करंडक महाराष्ट्राने जिंकला होता. कर्णधार प्रा. दि. ब. देवधर. सकाळी स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवायचं आणि मैदानात गोलंदाजांची विभक्ती चालवायची असा त्यांचा खाक्या. पण देवधरांचं ते दुसरं वर्ष गेलं आणि करंडक काही पुन्हा पुण्याचा रस्ता धरीना.

कारण पुढे मुंबईचं ते प्रकरण सुरू झालं. १९५८-५९ ते १९७२-७३. पंधरा वर्षं. सलग. मधे एक वर्षसुद्धा खाडा नाही. बारशाच्या पाळण्यातलं पोर मिसरूड फुटायला आलं तरी करंडक मुंबईलाच. या मुदतीत देशात पंतप्रधान बदलले, चीनशी युद्ध झालं, पाकिस्तानशी दोनदा झालं, पानशेत फुटून अर्धं पुणं वाहून गेलं, बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. बदललं नाही ते एवढंच. आमच्या बी.कॉम.च्या पुस्तकात याला मक्तेदारी म्हणत आणि तिचे तोटे परीक्षेत दहा मार्कांना हमखास येत. हेड कॅशियर याला 'परंपरा' म्हणतात.

आणि त्यातलं १९७०-७१ साल मी आयुष्यात विसरणार नाही. मी तेव्हा जन्मलेलोसुद्धा नव्हतो. पण काही गोष्टी रक्तातून येतात. त्या वर्षी अंतिम सामना मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. भारताचा संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेलेला. आणि त्या संघातून मुंबईचे कोण कोण गेले होते? वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर आणि अशोक मांकड. पाच जण! म्हणजे दुकानाचा मालक, मुनीम आणि तिजोरीच्या किल्ल्या सगळं परदेशी. दुकानावर सुधीर नाईक कर्णधार आणि हाताखाली उरलेली मंडळी. आमच्याकडे चंदू बोर्ड्यांसारखा मुरलेला माणूस. अशी संधी शतकातून एकदा येते. ती आली आणि महाराष्ट्र ४८ धावांनी हरला. मुंबईचा दुसरा संघसुद्धा आमच्या पहिल्या संघाला हरवतो हे त्या दिवशी सिद्ध झालं, आणि वर हे लोक आम्हाला खिलाडूपणा शिकवतात!

म्हणून १९७३-७४ चं महत्त्व. त्या हंगामात मुंबईची गाठ उपांत्य फेरीत बंगळूरला कर्नाटकशी पडली. विश्वनाथ आणि ब्रिजेश पटेल यांनी शतकं केली. प्रसन्नाने गावसकरांचा त्रिफळा उडवला. वाडेकर चांगले जमलेले असताना धाव घेताना घसरले आणि धावबाद झाले. पहिल्या डावाच्या आघाडीवर कर्नाटक पुढे गेलं आणि त्या वर्षीचा करंडकही घेऊन गेलं. पंधरा वर्षांचा बुरूज ढासळला.

आमचे वडील तेव्हा सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहत होते. ती बातमी आली त्या दिवशी वाड्यात काय झालं, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते मला प्रत्यक्ष पाहिल्यासारखं दिसतं. एरवी पाण्याच्या नळावरून एकमेकांची तोंडं न पाहणारी बिऱ्हाडं अंगणात जमली. मालकांनी, ज्यांनी वाड्याचा जिना दुरुस्त करायला कधी रुपया काढला नव्हता, त्यांनी स्वतःच्या खर्चाने चितळ्यांकडून पाव किलो आंबाबर्फी आणली. (बिऱ्हाडं अकरा होती. पण भावना बघा.) आणि लक्षात घ्या, जिंकलं होतं कोण? कर्नाटक! ज्यांच्याशी आमचा बेळगाव, कारवार, निपाणीवरून उभा दावा. महाजन अहवालाची होळी करून आलेली माणसं त्या वाड्यात होती. त्या संध्याकाळपुरता सीमाप्रश्न तहकूब झाला. कोपऱ्यावरच्या उडप्याला बोलावून त्याचं अभिनंदन करण्यात आलं. त्याला क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं. उधारी मिटवतायत असं वाटून तो वही घेऊन आला होता.

आता या अकरा बिऱ्हाडांना तुम्ही हलक्या मनाची माणसं म्हणणार का? 'जळतात दुसऱ्यावर' असं म्हणणार? मत्सर आणि हा आनंद यात फरक आहे. मत्सरी माणसाला दुसऱ्याचं जे असेल ते स्वतःला हवं असतं. आम्हाला मुंबईचं काही नको. मुंबईची घामट हवा नको, लोकलची गर्दी नको, तिथलं भाडं तर मुळीच नको. एक करंडक एक वर्ष त्यांच्याकडे नसावा, इतकीच माफक अपेक्षा. तो आमच्याकडे यावा असंसुद्धा आमचं म्हणणं नाही. तो राजस्थानला द्या, बडोद्याला द्या, पोस्टात ठेवा.

दुसरा मुद्दा फार भावनेने मांडला जातो. "मुंबई काय परकी आहे? मुंबई महाराष्ट्राचीच ना?" डोळ्यांत पाणी येतं हे ऐकून. १ मे १९६० ला मुंबई महाराष्ट्रात आली, हे मान्य. रणजी करंडकात मात्र ती अजून आलेली नाही. तिथे मुंबई वेगळी, महाराष्ट्र वेगळा, विदर्भ वेगळा, असे एका राज्याचे तीन संघ उतरतात. वेगळी चूल मांडायची, वेगळा गॅस घ्यायचा, आणि जेवायला बसलं की 'आपण एकाच घरातले' म्हणायचं, हा कुठला न्याय?

तिसरा मुद्दा मात्र गंभीर आहे, आणि त्यावर मला आमच्या बाजूच्या लोकांशीही भांडायचं आहे. आमच्यातले काही जण म्हणतात, सगळं ठरवून असतं. पंच यांचे, निवड समिती यांची, खेळपट्टी यांची, फार काय पाऊससुद्धा यांच्या बाजूने पडतो. कुलाबा वेधशाळा कुठे आहे बघा, म्हणतात. हे सगळं मला मान्य नाही. पुराव्याशिवाय मी खात्यात एक पैसा जमा करत नाही, मग आरोप कसा करीन? आणि असा कट असता तर पद्माकर शिवलकर कसोटी न खेळता राहिले असते का? १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात मद्रासला त्यांनी एका डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ बळी घेतले. साऱ्या कारकिर्दीत ५८९ बळी. शिवाजी पार्कचा माणूस, मुंबईचा माणूस. तरी भारताची टोपी मिळाली नाही. बेदी असताना डावखुऱ्या फिरकीला दुसरी जागा नव्हती, एवढंच.

पण आमच्याही एका माणसाची गोष्ट ऐका. भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८, पुणे, समोर काठियावाड. भाऊसाहेब नाबाद ४४३. ब्रॅडमनचा तेव्हाचा जागतिक विक्रम ४५२. नऊ धावा राहिल्या, आणि जेवणाच्या सुट्टीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे संस्थानिक, म्हणाले, डाव घोषित करा, नाहीतर आम्ही चाललो. आणि गेले! सामना सोडून गेले. नऊ धावा तशाच राहिल्या. त्या आजही तिथेच आहेत. या निंबाळकरांना भारताकडून अधिकृत कसोटी सामना एकही खेळायला मिळाला नाही. कुणी ठरवून केलं का? मला नाही वाटत. कुणाच्या ध्यानातच आलं नसेल. आणि तेच जास्त वाईट.

कारण पक्षपात हा बहुधा ठरवून होतच नाही. गेली एकवीस वर्षं मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसून हे पाहतो आहे. (सगळ्याच बँकांत दिसेल, म्हणून नाव सांगत नाही.) मोठा कर्जदार दारातून आत येतो. गाडीचा आवाज आला की साहेब केबिनबाहेर. चहा येतो, आम्ही पितो तो नव्हे, दुसरा. त्याचे सहा हप्ते थकलेले असतात. साहेब म्हणतात, "तात्पुरती अडचण आहे, होतं असं." आणि त्याच वेळी माझ्या खिडकीपुढे पंच्याहत्तरीच्या आजी उभ्या असतात. पेन्शनचे पैसे काढायच्यात. सही करताना हात थरथरलेला असतो. संगणकातली सही वीस वर्षांपूर्वीची, ठणठणीत. "सही जुळत नाही हो आजी, परत करा." आजी परत करतात. परत जुळत नाही. साहेब वाईट आहेत का? मुळीच नाही. गणपतीत स्वतःच्या खिशातून पावती फाडणारा माणूस आहे. कुणी कट केलेला नाही. पण क्रिकेटमध्ये ज्याला संशयाचा फायदा म्हणतात ना, तो नेमका ज्याला त्याची गरज नाही त्यालाच मिळतो. मोठ्या फलंदाजाच्या पॅडवर चेंडू लागला की पंचाला वाटतं, एवढा मोठा माणूस, याची बॅट मधे आली असणार. नवख्या पोराच्या पॅडवर लागला की बोट आपोआप वर जातं. बोटाला सवय झालेली असते.

म्हणून बंगळूरला विश्वनाथ खेळत होता तेव्हा वाड्यातली अकरा बिऱ्हाडं नुसतं क्रिकेट पाहत नव्हती. त्यातले दोघे बढतीची वाट पाहत निवृत्त झालेले होते. एकाची जमीन वीस वर्षं कोर्टात होती. आमच्या वडिलांच्या अर्जावर 'योग्य वेळी विचार करू' असा शेरा मिळून सात वर्षं झाली होती. या लोकांनी वर्तमानपत्रात प्रथमच वाचलं की जे नेहमीच होतं ते या वेळी झालं नाही. पाव किलो आंबाबर्फी त्याबद्दल होती.

मला खरी चीड येते ती मुंबईवाल्यांची नाही. ते बिचारे आपल्या गावाचा संघ म्हणून ओरडतात, ओरडू देत. चीड येते ती पुण्यात जन्मून, पुण्यात वाढून, कोथरूडला राहून मुंबई इंडियन्सचा निळा शर्ट घालून हिंडणाऱ्यांची. का बाबा? तर म्हणे, "ते जिंकतात." अरे, जिंकणाऱ्याच्या बाजूला जाण्यात कसला आलाय पराक्रम? ही भक्ती नव्हे, ही मुदत ठेव आहे. सर्वांत जास्त व्याज देणारी संस्था शोधली आणि पैसे ठेवले. उद्या दुसरीने पाव टक्का जास्त दिला की हे पावती मोडून तिकडे. फुटबॉलमध्येही हीच जात. आमच्या सोसायटीत अशी पोरं आहेत की ज्यांनी मँचेस्टर नकाशातही पाहिलेलं नाही, पण युनायटेड जिंकत होतं तेव्हा ते युनायटेडचे आणि शेजारची सिटी जिंकायला लागली की सिटीचे. २०१५-१६ मध्ये लेस्टर सिटीने इंग्लंडची लीग जिंकली. हंगामाच्या सुरुवातीला तिच्यावर एकाला पाच हजार असा भाव होता. हा व्याजदर ऐकून आमच्या शाखेत दोन मिनिटं शांतता पसरली होती. त्या लेस्टरच्या बाजूला सोसायटीत कोण होतं? मी आणि वॉचमन.

आणि हा आनंद काही केवळ पेठांतला नव्हे. २७ जून २०१८ ला विश्वचषकात कझानला दक्षिण कोरियाने गतविजेत्या जर्मनीला दोन शून्याने हरवून पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. तिकडे मेक्सिको स्वतः त्याच वेळी स्वीडनकडून तीन गोलांनी मार खात होतं, पण जर्मनी गेल्यामुळे ते पुढच्या फेरीत पोचलं. तर मेक्सिको सिटीतले लोक नाचत नाचत कोरियाच्या वकिलातीवर गेले आणि तिथल्या अधिकाऱ्याला त्यांनी खांद्यावर उचलून घेतलं. हे वाचलं आणि मला आमचा उडपी आठवला. दुसऱ्याच्या पडण्याचा आनंद होणं याला जगभर वापरतात तो शब्द जर्मनच आहे, म्हणतात. त्या दिवशी त्यांनी शब्दाबरोबर प्रसंगही पुरवला.

अर्थात या आनंदालाही काही सोवळंओवळं असतं. समोरचा जखमी होऊन हरला तर हसायचं नाही. पंचाच्या ढळढळीत चुकीने हरला तर निम्माच आनंद घ्यायचा. आणि मे १९९१ सारखं झालं तर मुळीच घ्यायचा नाही. वानखेडेवर अंतिम सामना, समोर कपिल देवचा हरियाणा. शेवटच्या दिवशी मुंबईला ३५५ धावा हव्या. सचिन तेंडुलकरने ९६ केल्या. दिलीप वेंगसरकर एका बाजूने लढत १३९ वर नाबाद राहिले, आणि शेवटचा गडी कुरुविला धावबाद झाला तेव्हा मुंबई दोन धावांनी हरली होती. वेंगसरकर मैदानातच रडले. मी शाळेत होतो. घरी बर्फी आणायला मी चप्पल घातली होती. वडील म्हणाले, "चप्पल काढ." बस्स. त्यांनी जास्त काही सांगितलं नाही.

तुम्ही विचाराल, महाराष्ट्राने स्वतः मुंबईला हरवलं तेव्हा तर स्वर्ग हाताला लागला असेल? हरवलं ना. जानेवारी २०१४, खुद्द वानखेडेवर, उपांत्यपूर्व फेरीत, आठ गडी राखून. केदार जाधवने नाबाद शतक ठोकलं, विजय झोल नव्वदीत नाबाद राहिला. पण गंमत सांगू? म्हणावी तशी मजा आली नाही. स्वतः जिंकण्यात फार जबाबदारी असते. लगेच पुढच्या सामन्याची काळजी लागते, रक्तदाब वाढतो. तिसऱ्याने परस्पर मुंबईला हरवलं की कसं, निव्वळ नफा. भांडवल त्याचं, श्रम त्याचे, लाभांश आपला. आणि झालंही तसंच. महाराष्ट्र अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि हैदराबादला हरला. कुणाकडून? कर्नाटककडून! १९७४ ची ती पाव किलो आंबाबर्फी त्यांनी चाळीस वर्षांनी चक्रवाढ व्याजासह वसूल केली.

आयपीएलचं मी फारसं बोलत नाही. तिथे पुण्याच्या नावाचा संघ कोलकात्याच्या मालकाचा, कर्णधार ऑस्ट्रेलियाचा आणि सलामीला मुंबईचा अजिंक्य रहाणे, असा मामला होता. तरी २०१७ साली या सुपरजायंटने मुंबईला एका हंगामात तीनदा हरवलं. तीनदा! चौथी गाठ २१ मे ला हैदराबादच्या अंतिम सामन्यात पडली. मुंबई १२९, पुणे १२८. एका धावेने गेलं. त्यानंतर तो संघच विसर्जित झाला. मुळात दोन वर्षांच्याच कराराचा होता. तात्पुरत्या नोकरीतल्या माणसाने साहेबाला तीनदा निरुत्तर करावं आणि चौथ्या वेळी त्याची मुदत संपावी, तसं.

तेव्हा सुख आहे ते रणजीतच. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या संघात रोहित शर्मा, जयस्वाल, रहाणे, श्रेयस अय्यर, शिवम दुबे, शार्दूल ठाकूर असा सगळा दागिन्यांचा डबा उतरला होता, आणि जम्मू-काश्मीरने त्यांना त्यांच्याच वांद्र्याच्या मैदानावर पाच गडी राखून हरवलं. ज्या मुलांना वर्षातले कित्येक महिने बर्फामुळे सरावाला मैदान मिळत नाही, त्यांनी! हेड कॅशियर त्या शनिवारी रजेवर होते. चौथा शनिवार होता, सगळेच होतो. पण ते जास्त होते.

आणि मग फेब्रुवारी. नागपूरला उपांत्य सामना. मुंबई आदल्याच वर्षी आपला बेचाळिसावा करंडक जिंकून आलेली, तोही विदर्भालाच हरवून. पहिल्या डावात पार्थ रेखडे नावाच्या मुलाने एका षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि दुबे असे तिघे उडवले. ८० धावांनी विदर्भ जिंकला, पुढे करंडकही त्यांनीच नेला. १९५३ चा नागपूर करार पुण्याने इतक्या मनापासून याआधी कधी पाळला नसेल. मी शाखेत पेढे वाटले आणि आनंदाच्या भरात आमच्या नागपूरच्या शाखेत असलेल्या एका सहकाऱ्याला फोन लावला. एरवी आमचं बोलणं बदल्यांच्या यादीपलीकडे जात नाही.

"अभिनंदन!" मी म्हणालो. "काय हरवलंत हो मुंबईला! इथे पुण्यात पेढे वाटले आम्ही."

"अरे वा, थँक्यू!" पलीकडून आवाज आला. "आमचंही असंच आहे बरं का. तुमचं पुणं हरलं का आम्ही इकडे पेढे वाटतो ना! मुंबईपेक्षा जास्त वाटतो बाप्पा."

मी फोन ठेवला. काय ही माणसं! आम्ही त्यांचं काय घोडं मारलंय? याला म्हणतात असुरी आनंद.